बूड कापलेला लसूण

दुकानातल्या भाजीच्या मांडणीवर लसणाचे दोन ढीग शेजारी शेजारी होते आणि बायको डावीकडच्या ढिगातले गड्डे पिशवीत टाकत होती. यात थबकण्यासारखं काही नव्हतं. शनिवारची दुपार होती, दुकानात गर्दीही फारशी नव्हती. तरी तो थबकला. डावीकडच्या पाटीवर ज्या देशाचं नाव होतं तिथून जहाजाला यायला पाच आठवडे लागतात, हे त्याला पाठ होतं. उजवीकडच्या पाटीवर नुसतं लिहिलेलं होतं, 'जवळच्या शेतातला'. आणि जवळच्याची किंमत लांबच्याच्या अडीचपट. त्याने दोन्ही पाट्या पुन्हा वाचल्या. कुणीतरी चुकून अदलाबदल केली असेल म्हणून हाताने उचलून मागून-पुढून पाहिल्या. "तो का घेतेस?" त्याने विचारलं. "स्वस्त आहे," बायको म्हणाली. "पण का स्वस्त आहे?" तिने पिशवीला गाठ मारली आणि त्याच्याकडे, बावीस वर्षं बघत आली होती तसं, बघितलं. "अहो, महाग का म्हणून विचारतात माणसं. स्वस्त का म्हणून कुणी विचारतं का?" आणि ती साबणाच्या रांगेकडे निघूनही गेली. तो मात्र तिथेच उभा राहिला. त्याच्या मनात पाल चुकचुकली होती, आणि ती एकदा चुकचुकली की त्याला जेवण गोड लागत नसे हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

संशय घेणं हा त्याचा पेशाच होता. बंदरावर उतरणाऱ्या मालाची कागदावर सांगितलेली किंमत खरी की बनावट, हे ठरवायचं काम तो चोवीस वर्षं करत होता. तपासनीस म्हणून त्याचं नाव होतं. कचेरीत त्याला पाठीमागे सगळे 'भिंग' म्हणत, आणि ते त्याला मनातून आवडायचं. भिंगाला स्वतःचं काही नसतं, ते फक्त मोठं करून दाखवतं, असं तो एकदा एका निरोपसमारंभात म्हणाला होता आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. त्याने बुटांच्या खोक्यांतले नुसते डावेच बूट पकडले होते, उजवे दुसऱ्या बंदरात उतरायचे. यंत्राचे सुटे भाग म्हणून आलेली अत्तरं पकडली होती. स्वस्त म्हटलं की कुठेतरी पाणी मुरतंय हे त्याला अनुभवाने माहीत होतं. किंमत म्हणजे आरोपीचा जबाब, असं तो नव्या लोकांना शिकवताना सांगे. जबाब फार छोटा असला की काहीतरी गाळलेलं असतं. बायको म्हणायची, "तुम्ही माझ्या माहेरच्यांनासुद्धा शिक्का मारल्याशिवाय घरात घेत नाही." ती हसून म्हणायची, पण एकदा तिच्या भावाने आणलेल्या घड्याळाची पावती त्याने खरोखरच मागितली होती, आणि त्या दिवसापासून तिचा भाऊ रिकाम्या हाताने यायला लागला होता.

घरी आल्यावर त्याने पिशवीतला एक गड्डा ताटलीत घेतला आणि खिडकीशी बसला. पांढराशुभ्र, गुबगुबीत, एकही पापुद्रा सुटलेला नाही. सगळे गड्डे एका मापाचे, एकाच साच्यातून काढल्यासारखे. त्याने तो उलटा केला. मुळं नव्हती. जिथे मुळांची दाढी असते तिथे एक सपाट, गुळगुळीत चकती होती. धारदार सुरीने कुणीतरी बूड कापून टाकलं होतं. परदेशातली माती आणि मातीतली कीड येऊ नये म्हणून असं कापावं लागतं, हा नियम त्याला माहीत होता, नियमाचा क्रमांकही माहीत होता. पण नियम वाचणं वेगळं आणि ती चकती अंगठ्याखाली लागणं वेगळं. ज्याला बूड नाही तो आला कुठून हे कोण सांगणार? त्याने एक पाकळी सोलली, चावली. तिखट होती, पण थोडी उशिराच. आधी काहीच नाही, मग एकदम जिभेवर टोचलं. लसणासारखाच लसूण होता तो आणि तेच त्याला पटेना.

दादाचा लसूण असा नसायचा. दादाचा म्हणजे आधी वडिलांचा. शहरापासून चाळीस किलोमीटरवर, चढणीवरचा तो तुकडा, एका टोकाला हाक मारली की दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल एवढाच. शाळेला सुट्टी लागली की दोघे भाऊ गुडघ्यांवर सरकत पाकळ्या लावायचे. "टोक वर, बूड खाली," दादा मागून म्हणत यायचा, "उलटी लावलीस तर बिचारीला अख्खी फिरून वर यावं लागतं, धाकट्या." तो मुद्दाम एखादी उलटी लावून ठेवायचा आणि पुढे उगवल्यावर ती ओळखता येते का बघायचा. ओळखता यायची नाही. तेव्हापासून त्याला वाटत आलं होतं की मोठी माणसं जे ठासून सांगतात त्यातलं निम्मं तपासलेलं नसतं. आई खाऊचे दोन भाग करायची तेव्हा दादा नेहमी मोठा भाग त्याच्याकडे सरकवायचा, आणि तो खाण्याआधी त्या भागाकडे टक लावून बघायचा: याने हा मला का दिला? यात काही पडलंय का? सहाव्या-सातव्या वर्षाचं पोर. पुढे वडील गेले, दादाने शाळा सोडली, आणि धाकटा शहरात शिकायला आला तो त्या लसणावरच. वसतिगृहात त्याच्या खोलीतले दोघे नाकाला रुमाल लावून आत यायचे. बोटांचा वास जावा म्हणून तो लिंबू चोळायचा, रॉकेल चोळायचा, एकदा तर भिंतीवर बोटं घासून कातडी सोलून घेतली होती. वास गेला नाही. सुट्टीत गेला की नवा लागायचा. आज पन्नाशी उलटल्यावर त्याची बोटं नुसती कागदाची झाली होती. त्याने ताटलीतल्या पाकळीचा वास बोटांना लागलाय का बघितलं. लागला होता, पण साबणाच्या पहिल्याच हाताला गेला. हेही त्याला संशयास्पद वाटलं.

मंगळवारी त्याच्या मेजावर लसणाचे कागद आले. लसणाचे कागद याआधीही यायचे, वर्षाला कितीतरी. त्याने ते लोखंड, कापड, काच यांच्यासारखेच बघून पुढे सारले होते. या वेळी त्याने कागदांवर हात ठेवला आणि हात उचललाच नाही. तीन थंड पेट्या, म्हणजे आत शीतयंत्र चालू असलेले मोठे कंटेनर, मागवणारी एक बाई. ती गेली नऊ वर्षं लसूण आणि कांदा मागवायची, नवरा वारल्यावर तिने त्याचा धंदा हातात घेतला होता, आणि गोदीवर तिला सगळे 'लसूणवाली' म्हणत. तिच्या कागदांत त्याने कधी खोट काढली नव्हती. आता त्याने सांगितलेला दर वाचला आणि त्याला दुकानातली डावीकडची पाटी आठवली. या दरात तर जहाजाचं भाडंही निघू नये, मग लसूण काय फुकट? त्याने लाल पेनाने लिहिलं: सांगितलेली किंमत विश्वासार्ह वाटत नाही. माल थांबवावा. नमुने प्रयोगशाळेत पाठवावेत. बँकेचा आणि पलीकडच्या व्यापाऱ्याचा पत्रव्यवहार मागवावा. लिहिताना हात हलका झाला होता. बऱ्याच दिवसांत असं चांगलं अक्षर आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लसूणवाली आली. ठेंगणी, डोळ्यांवर जाड चष्मा, हातात कापडी पिशवी, जणू बाजारातून घरी जाता जाता डोकावली. ती खुर्चीच्या कडेवर बसली. "साहेब, तपासा. हवं तेवढं तपासा. माझी एकच विनंती आहे. पेट्या तपासणीच्या आवारात नेल्यात तर तिथे विजेची जोडणी नाही. यंत्र बंद पडलं की आत ऊब धरेल. आहेत तिथे राहू द्या, तिथे तपासा." त्याने तिच्याकडे पाहिलं. नऊ वर्षांत न मागितलेली सवलत आजच का मागते? पेट्या आहेत तिथेच राहाव्यात असं हिला का वाटतं? "थांबवलेला माल आवारात जातो," तो म्हणाला. "नियम आहे." "नियम आहे हे मलाही माहीत आहे. वरच्या साहेबांच्या सहीने सूट मिळते हेही माहीत आहे. तुम्ही नुसतं तसं लिहा." "मी कशाला लिहू?" तो म्हणाला, आणि स्वतःच्याच आवाजातला कोरडेपणा त्याला ऐकू आला. तिने पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाली, "तुम्हाला दर खोटा वाटतो ना? मग मी सांगते तो कसा बनतो. तिकडे एकेक शेत इथून त्या उंच क्रेनपर्यंत. लावायला यंत्र, काढायला यंत्र, निवडायला यंत्र. शीतगृहं सरकारने बांधून दिलेली. माणसं लागतात ती फक्त बूड कापायला. बायका बसतात रांगेने, किलोवर मजुरी. ती मजुरी सांगितली तर तुम्ही म्हणाल, बाई खोटं बोलते. ती खरी आहे, हीच तर पंचाईत आहे. आणि जहाज म्हणाल तर एका फेरीला हजारो पेट्या, त्यांतल्या निम्म्या नाहीतरी इकडे रिकाम्याच यायच्या. रिकामी आणण्यापेक्षा काहीतरी भरून आणलेली बरी म्हणून मातीमोल भाडं. किलोमागे समुद्राला जेवढं पडतं ना, त्याच्या दुप्पट तुमच्या गावाकडच्या त्या टेम्पोला पडतं. येताना अर्धा भरलेला, जाताना रिकामा, मध्ये चार दलाल. लांबचं स्वस्त नाही साहेब. जवळचंच महाग पडतं."

ती गेल्यावर तो बराच वेळ तिच्या खुर्चीकडे बघत राहिला. सगळं पटण्यासारखं होतं. फार पटण्यासारखं होतं. चोवीस वर्षांत ज्यांनी ज्यांनी त्याला असं मुद्देसूद, न अडखळता समजावलं होतं, त्यांतले बहुतेक पुढे लबाड निघाले होते. खरं बोलणारी माणसं मध्येच विसरतात, चिडतात, पाणी मागतात. हिने पाणी मागितलं नव्हतं. आणि 'तुमच्या गावाकडच्या टेम्पोला' असं का म्हणाली? बोलण्याच्या ओघात म्हणतात माणसं, तुमच्या-आमच्या. की हिला माहीत आहे? माहीत असण्यासारखं काय आहे? दरवर्षी एक छापील कागद भरून द्यावा लागे, त्यात प्रश्न असायचा: आपले कुणी नातेवाईक परदेशी मालाच्या व्यापारात आहेत काय? तो दरवर्षी 'नाही' लिहायचा आणि ते अक्षरशः खरं होतं. दादाचा परदेशी मालाशी काय संबंध? दादाने आयुष्यात कधी समुद्र नीट बघितला नव्हता, एकदा बंदरावर आला होता तेव्हा धक्क्यावर उभा राहून म्हणाला होता, "एवढं पाणी आणि पिकाला घालता येत नाही."

पेट्या आवारात गेल्या. प्रयोगशाळेचा निकाल आठ दिवसांनी येणार होता, बँकेचं पत्र कधी येईल ते बँकेलाच ठाऊक. लसूणवालीचे अर्ज रोज यायचे, आधी टंकलेले, मग हाताने लिहिलेले, मग नुसत्या दोन ओळींचे. 'आज बाहेर ऊन फार आहे. कृपया जोडणी द्यावी.' तो प्रत्येक अर्जावर 'पाहिले' असं लिहून तारीख घालायचा. दुपारी डबा खाऊन झाला की तो आवाराच्या तारेपर्यंत चालत जायचा. तीन पांढऱ्या पेट्या उन्हात उभ्या असायच्या, बंद, न घुरघुरणाऱ्या. बाकीच्या गोदीत यंत्रांचा एकसारखा आवाज भरून असायचा आणि या तिघींच्या भोवती एक वाटोळी शांतता. त्या शांततेत उभं राहिलं की त्याला आत काहीतरी लपलंय असं ठामपणे वाटायचं आणि बरं वाटायचं. मग परत येताना पायऱ्यांवर वाटायचं, काहीच नसलं तर? घरी बायकोने विचारलं, "लसूण का हो मिळेना दुकानात? डावीकडचा ढीगच नाहीसा झालाय." त्याने सांगितलं, मी थांबवलाय. बाजाराला नुसती कुणकुण पुरते; बंदरावर लसूण अडकतोय म्हटल्यावर बाकीच्या मागवणाऱ्यांनीही हात आखडता घेतला होता. बायको भाजी चिरता चिरता थांबली. "सगळा?" "तीन पेट्या." "कशासाठी?" "किंमत जुळत नाही." तिने पुन्हा सुरी हातात घेतली. "त्या दिवशी तुम्ही पाट्या उलटून बघत होतात तेव्हाच मला वाटलं," ती म्हणाली, पण काय वाटलं ते तिने सांगितलं नाही आणि त्याने विचारलं नाही.

सातव्या दिवशी दादाचा फोन आला. दादा फोनवर मोठ्याने बोलायचा, अजूनही शेताच्या दुसऱ्या टोकाशी बोलल्यासारखा. तब्येत, पोरं, पाठीचं दुखणं झाल्यावर तो म्हणाला, "भाव काय चढलाय रे! या वर्षी दलाल स्वतः बांधावर येऊन उभा. मी म्हटलं, बस, पाणी पी, मग बोलू." आणि हसला. त्या हसण्याच्या शेवटी एक छोटीशी थांबण्याची जागा होती. दादा तिथे काहीतरी ऐकायला थांबला होता. याने विचारलं, "वहिनी कशी आहे?" "बरी आहे," दादा म्हणाला, "तुझी फार आठवण काढते हल्ली." फोन ठेवल्यावर तो ती जागा पुन्हा पुन्हा ऐकत बसला. हल्ली? हल्ली का? रात्री जेवताना त्याला आठवलं की मंगळवारी कागदांवर हात ठेवला तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर एक क्षणभर दादाची पाठ आली होती, वाकलेली, पाकळ्या लावणारी. आली होती का? की आता फोननंतर आपण ती तिथे नेऊन ठेवतोय? भिंग असं आपल्याच डोळ्यावर धरता येत नाही. खूप जवळ नेलं की नुसता धूसर उजेड दिसतो.

तेराव्या दिवशी सगळे निकाल एकदम आले. प्रयोगशाळेने लिहिलं होतं: नमुने सामान्य, खाण्यास योग्य. बँकेने लिहिलं होतं: सांगितलेली रक्कमच पाठवली गेली, दुसरा कोणताही व्यवहार नाही. दुसऱ्या दोन बंदरांनी त्याच आठवड्यातले दर कळवले होते, आणि ते लसूणवालीच्या दरापेक्षा किंचित कमीच होते. त्याने तिन्ही कागद एकावर एक ठेवले, काढले, पुन्हा ठेवले. कुठेच पाणी मुरत नव्हतं. आरोपीचा जबाब छोटा होता कारण त्याला तेवढंच सांगायचं होतं. दुपारी पेट्या उघडल्या तेव्हा तो हजर होता. हजर राहायची गरज नव्हती. दार उघडताच आतून एक ओली, उबदार, जुन्या ओळखीची हवा अंगावर आली आणि दोन हमाल मागे सरकले. खोक्यांना बुरशीचे हिरवट डाग पडले होते. लसूणवालीने वरचं एक खोकं स्वतः फाडलं. आत प्रत्येक गड्ड्याला कोंब फुटले होते. बूड कापलेलं असूनही पाकळ्या उघडून बोटबोट लांब, फिकट हिरवे कोंब वर आले होते, काही खोक्याच्या झाकणाला टेकून आडवे वळलेले. साधा लसूण होता तो. गारव्यात झोपलेला, ऊब मिळाल्यावर जागा झालेला. "उगवला," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग असता तर त्याला सोपं गेलं असतं. तिने एक गड्डा उचलला, चष्म्याजवळ नेऊन बघितला आणि पुन्हा जागेवर ठेवला, झोपलेल्या मुलाला ठेवावं तसा. "यातला दहावा हिस्सा निघाला तरी खूप. बाकीचं फेकायलाही मलाच गाडी आणावी लागेल ना, साहेब?" "हो," तो म्हणाला. "आवार तीन दिवसांत रिकामं करावं लागतं." नियम आहे, हे शब्द त्याने गिळले. त्यांना चव होती.

त्याच्या वरच्या साहेबांनी त्याला बोलावून पाठ थोपटली. "निघालं नाही काही, तरी हरकत नाही. धाक राहतो." तो म्हणाला, "चूक झाली." साहेब हसले. "चूक कसली? तू प्रत्येक कागद नियमाने केलायस. एक बोट दाखवायला जागा नाही." आणि ते खरं होतं. त्याने रात्री अंथरुणावर पडून सगळा पत्रव्यवहार मनात पहिल्यापासून वाचला, कुठेच बोट ठेवायला जागा नव्हती. याआधी असे निर्दोष कागद त्याने दुसऱ्यांचे पाहिले होते, आणि प्रत्येक वेळी त्याला वाटलं होतं, इतके स्वच्छ कसे?

रविवारी दादा आणि वहिनी आले. न कळवता, सकाळच्या गाडीने, दोघेही नव्या कपड्यांत. वहिनीने बायकोला साडी आणली होती, मुलांना मिठाई, आणि ती बसली तेव्हा तिच्या कानांत नव्या कुड्या होत्या. बायकोचं लक्ष गेलं तशी तिने मान थोडी वळवून दाखवल्या. जेवणं झाली. दोघी जावा आत गेल्या. दादा बाल्कनीत खुर्ची ओढून बसला आणि हलक्या आवाजात बोलला. दादाला हलक्या आवाजात बोलताना त्याने फक्त एकदा ऐकलं होतं, वडील गेले त्या दिवशी.

"धाकट्या, एक सांगायचं होतं. माझ्या मनात पाप होतं रे तुझ्याबद्दल."

"कसलं पाप?"

"इतकी वर्षं मला वाटायचं, हा बाहेरचा माल तूच आत सोडतोस. तुझ्या वहिनीला विचार. मी म्हणायचो, घरचाच माणूस दारावर बसवलाय आणि समोरून आपल्या पोटावर पाय देणारा माल आत येतोय. त्याला दिसत नाही का? की न बघण्याचे पैसे घेतो? तुझा फ्लॅट बघून जायचो तेव्हा गाडीत बसल्यावर तेच. देव मला माफ करो."

ज्या घरात तो स्वतःला संशयाचा एकटा धनी समजत होता तिथे दुसऱ्या टोकाला इतकी वर्षं कुणीतरी तेच पीक घेत बसलं होतं. "दादा, मी कधी कुणाकडून पाणीसुद्धा घेतलं नाही."

"कळलं ना आता! कळलं म्हणून तर आलो." दादाने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. जड, खडबडीत हात होता. "बरोबर वेळ साधलीस. आमची काढणी आणि तुझी अडवणी. गावात कुणाला बोललो नाही मी, घाबरू नको. पण लोकांना अंदाज आहे. सगळे म्हणतात, रक्त शेवटी रक्त."

"दादा, ऐक. मी तुझ्यासाठी नाही केलं ते. मला किंमत खोटी वाटली. म्हणून थांबवलं. तुझा विचारसुद्धा…"

"बरं, बरं." दादाने एक डोळा मिचकावला. त्या सुरकुतलेल्या, भाबड्या डोळ्याचं ते मिचकावणं त्याला थोबाडीत मारल्यासारखं लागलं. "असंच म्हणायचं. मी समजतो."

"नाही समजत तू! ती बाई बुडाली. तिचं काही चुकलं नव्हतं."

दादाने हात काढून घेतला. मग रस्त्याकडे बघत म्हणाला, "आणि आमचं काय चुकलं होतं, धाकट्या? आम्ही दर वर्षी थोडे थोडे बुडतो, तेव्हा कोणी पेटी उघडून बघायला येत नाही." आतून वहिनीचं हसू ऐकू आलं, मोकळं, बऱ्याच वर्षांत न ऐकलेलं. त्याला वाटलं, हे हसू खोटं आहे असं कुणीतरी सिद्ध करून दाखवावं. आणि लगेच वाटलं, नको.

सोमवारी तो कामावर गेला नाही. आयुष्यात पहिल्यांदा खोटं कारण सांगून त्याने रजा घेतली आणि गोदीमागच्या गल्लीत लसूणवालीचं गोदाम शोधत निघाला. लोखंडी दार अर्धं वर केलेलं होतं. आत जमिनीवर गोणपाटं अंथरून तीन-चार बायका बसल्या होत्या, खोकी उपसून गड्डे निवडत होत्या. बरा इकडे, सडका तिकडे. सडक्यांची रास निवडलेल्यांच्या कितीतरी पट होती. लसूणवालीही त्यांच्यातच बसली होती, चष्मा डोक्यावर सरकवून. त्याला बघून ती उठली नाही. "आता काय राहिलं, साहेब?"

"एक सांगायचं होतं." बायकांचे हात चालूच होते, पण त्यांचे कान उभे राहिलेले त्याला जाणवले. "माझा भाऊ लसूण पिकवतो. इथून चाळीस किलोमीटरवर."

"माहीत आहे," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"नऊ वर्षं. धंद्यात उतरले तेव्हा पहिल्याच महिन्यात कुणीतरी सांगितलं. सगळ्या बाजाराला माहीत आहे." तिने एक गड्डा दाबून पाहिला आणि सडक्यांत टाकला. "मी म्हणायचे, माणूस सरळ आहे. भाऊ असून माझे कागद कधी अडवले नाहीत. लोकांना तुमचं उदाहरण द्यायचे मी."

त्याला बसावंसं वाटलं, पण बसायला गोणपाटांशिवाय काही नव्हतं. तो एका उलट्या खोक्यावर बसला. "तुम्ही दाद मागू शकता," तो म्हणाला. "तपासणाऱ्याचा भाऊ त्याच मालाचा उत्पादक असेल तर त्याने ते आधी कळवायला हवं होतं. मी कळवलं नाही. एवढ्यावर तुमची भरपाईची मागणी उभी राहते. मला नियम माहीत आहे."

"आणि तुमची नोकरी?"

"ती माझी."

तिने चष्मा डोळ्यांवर ओढला आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. असं त्याच्याकडे आजवर कुणी पाहिलं नव्हतं. तोच लोकांकडे असा पाहत आला होता, पापुद्रा न् पापुद्रा सोलत. हा स्वतःहून का आला? यात याचा काय डाव? ती नक्की हेच मनात म्हणत असणार, आणि तिने म्हणावं असंच होतं. "लिहून द्याल?" तिने विचारलं.

तिने एक वही आणून दिली, कोरं पान काढून. त्याने खिशातलं पेन काढलं. चोवीस वर्षं याच हाताने त्याने इतरांचे जबाब घेतले होते, कसे सुरू करायचे, कुठे सही घ्यायची, सगळं अंगवळणी पडलेलं. त्याने तारीख घातली. मग लिहिलं: ज्या मालाची मी तपासणी केली त्याच मालाचं पीक माझा सख्खा भाऊ घेतो, आणि ही गोष्ट मी वरिष्ठांना कळवली नव्हती. पूर्णविराम दिला. पेन कागदाला टेकलेलंच राहिलं. पुढचं वाक्य तयार होतं, बाल्कनीत म्हणून झालं होतं, रात्रभर मनात घोकून झालं होतं: तथापि माल अडवण्यामागे तो हेतू नव्हता. सहा-सात शब्द. त्याने 'तथापि' लिहिलं आणि थांबला. त्या मंगळवारची सकाळ त्याने पुन्हा समोर आणली: मेज, कागद, हात, लाल पेन, हलकं झालेलं मन. ते मन का हलकं झालं होतं? त्याने बारकाईने बघितलं. जेवढं जवळ नेलं तेवढं ते धूसर होत गेलं.

"काय झालं?" लसूणवालीने विचारलं.

त्याने 'तथापि'वर एक रेघ मारली, खाडाखोडीशेजारी नियमाप्रमाणे छोटी सही केली, आणि खाली मोठी. पान फाडून तिच्या हातात दिलं. तिने वाचलं, ओठ हलवत, सावकाश. निवडणाऱ्या बायकांतली एक मान उंच करून बघत होती.

"एवढंच?" ती म्हणाली.

"एवढंच मला नक्की माहीत आहे," तो म्हणाला.